व्यावसायिक अहवालांतील ओळनिहाय सुरक्षा: वापरकर्त्याची ओळख कशी ठरवावी आणि कशी तपासावी

विक्रीचा एकच अहवाल अनेकांनी उघडावा आणि प्रत्येकाला त्यात फक्त आपल्या वाट्याच्या ओळी दिसाव्यात, एवढीच रो-लेव्हल सिक्युरिटीकडून, म्हणजे ओळनिहाय सुरक्षेकडून, अपेक्षा असते. त्यासाठी लागणारा फिल्टर, म्हणजे ओळी गाळणारी अट, बहुधा एका वाक्यात लिहून होतो, त्यामुळे सगळे लक्ष त्याच्याकडेच जाते. पण अहवाल उघडणारी व्यक्ती कोण आहे, हे मॉडेलला, म्हणजे अहवालामागच्या जोडलेल्या टेबलांच्या संचाला, कोणी सांगितले आणि कोणत्या रूपात सांगितले, या प्रश्नाच्या उत्तरावर तो फिल्टर उभा असतो. ते उत्तर चुकले, तर निर्दोष फिल्टरही चुकीच्या माणसाला चुकीच्या ओळी बिनबोभाट दाखवतो आणि पडद्यावर कोणतीही त्रुटी उमटत नाही. म्हणून या मार्गदर्शिकेत फिल्टरपेक्षा ओळखीवर अधिक भर दिला आहे. उदाहरणे मुख्यतः पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल-साधनाची आहेत. डेटाबेसमध्येच सुरक्षा बसवणाऱ्यांसाठी एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालींचा विचार पुढे स्वतंत्रपणे येतो.

ओळख कोणत्या रूपात येते, हे आधी पाहावे

पॉवर बीआयच्या डॅक्स या सूत्रांच्या भाषेत चालू वापरकर्त्याचे नाव देणारी दोन फंक्शन्स नेहमी वापरली जातात: यूजरनेम आणि यूजरप्रिन्सिपलनेम. डोमेनला जोडलेल्या संगणकावर पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये यूजरनेम हे फंक्शन डोमेनचे नाव, उलटी तिरपी रेघ आणि लॉगिन अशा जुन्या धाटणीचे उत्तर देते. तोच अहवाल सर्व्हिसवर, म्हणजे पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेवर, प्रकाशित केला, की तेच फंक्शन ईमेलसारखे दिसणारे नाव देऊ लागते. यूजरप्रिन्सिपलनेम मात्र दोन्ही ठिकाणी ईमेलसारखेच रूप देते. नवीन काम सुरू करताना यूजरप्रिन्सिपलनेम वापरावे, हे सांगायला फार विचार लागत नाही. डेस्कटॉपवर चाललेला अहवाल सर्व्हिसवर रिकामा दिसतो, अशी तक्रार आली, तर आधी कोणते फंक्शन वापरले आहे ते पाहावे.

ईमेलसारखे दिसणारे हे नाव ईमेलच असेल, असे मात्र गृहीत धरू नये. मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडीमध्ये, म्हणजे २०२३ पर्यंत अझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, संस्थेची खाती सांभाळणाऱ्या सेवेत, खात्याचे प्रिन्सिपल नेम, म्हणजे लॉगिनचे नाव, आणि त्याचा टपालपत्ता, म्हणजे ईमेलचा पत्ता, ही दोन वेगळी क्षेत्रे असतात. अनेक संस्थांत दोन्हींत एकच मजकूर असतो, आणि त्यामुळेच फरक लक्षात येत नाही. एखाद्या कंपनीने दुसरी कंपनी विकत घेतली, डोमेन बदलले किंवा लोकांना सुटसुटीत टपालपत्ते दिले, की ही दोन क्षेत्रे एकमेकांपासून फुटतात. अधिकारांची यादी मनुष्यबळ विभागाकडून टपालपत्त्यांसह आली असेल आणि फिल्टर प्रिन्सिपल नेमवर चालत असेल, तर काही लोकांना सगळे व्यवस्थित दिसते आणि काहींना काहीच दिसत नाही. हा दोष शोधायला अवघड जातो, कारण तो माणसागणिक बदलतो.

बाहेरच्या संस्थेतील पाहुण्या खात्यांची गुंतागुंत आणखी वेगळी असते. यजमान डिरेक्टरीत अशा खात्याचे प्रिन्सिपल नेम सामान्यतः मूळ पत्त्यातील ॲट चिन्हाच्या जागी अंडरस्कोर, त्यापुढे हॅशच्या दोन खुणांमध्ये एक्स्ट ही अक्षरे आणि शेवटी यजमानाचे डोमेन, अशा लांबलचक रूपात नोंदलेले असते. डिरेक्टरीत दिसणारे हे रूपच अहवालाच्या आत पोहोचेल, असे धरून यादी भरू नये; पाहुण्या वापरकर्त्याच्या खऱ्या लॉगिनने अहवाल उघडवून आत काय येते ते पाहावे.

हे पाहण्याची रीत सोपी आहे. एका मेजरमध्ये, म्हणजे मॉडेलमधील सूत्रात, फक्त यूजरप्रिन्सिपलनेम फंक्शन ठेवावे, दुसऱ्यात यूजरनेम ठेवावे, आणि दोन्ही मेजर एका चाचणी पानावर कार्ड म्हणून मांडावीत. मग एक कायमस्वरूपी कर्मचारी, एक कंत्राटी कर्मचारी, एक पाहुणे खाते आणि ज्याचे नाव किंवा डोमेन मध्यंतरी बदलले आहे असे एक खाते, अशा निरनिराळ्या प्रकारच्या लोकांना ते पान उघडायला सांगून दिसलेला मजकूर अक्षर न अक्षर उतरवून घ्यावा. फिल्टर लिहिण्यापूर्वी ही तपासणी केली, तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. अहवाल स्थिरावल्यावरही असे पान नुसते लपवून ठेवावे, काढून टाकू नये, असे माझे मत आहे. तक्रार घेऊन येणाऱ्याला आधी तेच उघडायला सांगता येते.

अधिकार टेबलाची रचना

सर्वांत साधी रचना म्हणजे दोन स्तंभांचे टेबल: एका बाजूला लॉगिनचे नाव, दुसऱ्या बाजूला विभागाचा संकेत. लहान संस्थेत एवढे पुरते. परंतु लॉगिनचे नाव ही कायम टिकणारी गोष्ट नाही. लोक आडनाव बदलतात, डोमेन बदलते. आणि त्याहून धोक्याचे म्हणजे, सोडून गेलेल्या व्यक्तीचा पत्ता काही काळाने त्याच नावाच्या नव्या व्यक्तीला दिला जातो. जुनी ओळ टेबलात राहिली असेल, तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी आधीच्याचे सर्व अधिकार आपोआप मिळतात, आणि ते कोणी दिले याची नोंदही कोठे नसते.

यावर उपाय म्हणून दोन टेबले वेगळी करावीत. पहिल्या टेबलात, म्हणजे लॉगिन टेबलात, लॉगिनचे नाव आणि कर्मचारी क्रमांक यांची जोडी असावी, आणि ती शक्यतो हाताने भरलेली नसून डिरेक्टरीतून किंवा मनुष्यबळ प्रणालीतून आलेली असावी. दुसऱ्या टेबलात, म्हणजे अधिकार टेबलात, कर्मचारी क्रमांक आणि त्याला दिसू शकणाऱ्या विभागांचे संकेत असावेत; एका माणसाला तीन विभाग दिसायचे असतील, तर त्याच्या तीन ओळी असाव्यात. नाव बदलले तर फक्त पहिले टेबल बदलते, जबाबदारी बदलली तर फक्त दुसरे, आणि पत्ता पुन्हा वापरला गेला तरी नव्या माणसाचा कर्मचारी क्रमांक वेगळा असल्यामुळे जुने अधिकार त्याच्याकडे जात नाहीत. एका स्तंभात स्वल्पविराम देऊन अनेक संकेत कोंबण्याचा मोह मात्र टाळावा; त्यावर मजकूर शोधणारी अट लिहावी लागते आणि १ हा संकेत ११ मध्येही सापडतो.

लहान-मोठ्या अक्षरांचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. डॅक्समध्ये मजकुराची तुलना करताना लॅटिन लिपीतील लहान आणि मोठी अक्षरे सारखीच मानली जातात, पण डेटा आणून साफ करणाऱ्या पॉवर क्वेरीमध्ये ती वेगळी मानली जातात. परिणाम असा, की एकाच व्यक्तीच्या दोन ओळी, एकीत पहिले अक्षर मोठे आणि दुसरीत लहान, पॉवर क्वेरीतील दुबार ओळी काढण्याच्या पायरीतून सहीसलामत सुटतात. आणि मग मॉडेल भरताना, तो स्तंभ नात्याच्या, म्हणजे दोन टेबलांना जोडणाऱ्या दुव्याच्या, एकेरी बाजूला असल्यामुळे, दुबार मूल्य सापडल्याचे सांगून रिफ्रेश, म्हणजे डेटा ताजा करण्याचे काम, थांबतो. म्हणून लॉगिनचा स्तंभ आत येतानाच आजूबाजूच्या रिकाम्या जागा छाटून लहान अक्षरांत करावा आणि त्यानंतरच दुबार ओळी काढाव्यात. तुलना डेटाबेसमध्ये होणार असेल, तर ही शिस्त आणखी महत्त्वाची ठरते, कारण एसक्यूएल सर्व्हरमध्ये उत्तर कोलेशनवर, म्हणजे अक्षरांच्या तुलनेच्या नियमांवर, अवलंबून असते आणि पोस्टग्रेसमध्ये साध्या मजकुराची तुलना अक्षरांचा आकार पाळूनच होते.

रिक्त पदांकडेही लक्ष द्यावे. अधिकारांच्या यादीत पद आहे पण त्यावर माणूस नाही, अशा ओळीत लॉगिनची जागा कोरी ठेवली जाते. डॅक्समध्ये साध्या बरोबर चिन्हाने तुलना केली, तर ब्लँक (मूल्यच नसणे) आणि रिकामा मजकूर एकमेकांशी जुळतात. एखाद्या वाटेने वापरकर्त्याचे नावच कोरे आले, तर ते या कोऱ्या ओळींशी जुळू शकते. लॉगिन नसलेल्या ओळी मॉडेलमध्ये येऊच देऊ नयेत, हा यावरचा साधा आणि पुरेसा इलाज आहे.

फिल्टर: नाव सापडले नाही तर काहीच दिसू नये

फिल्टर लिहिण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत लॉगिन टेबल, अधिकार टेबल, विभाग टेबल आणि विक्री टेबल ही नात्यांनी जोडतात आणि लॉगिन टेबलावर एवढीच अट ठेवतात, की तेथील नाव यूजरप्रिन्सिपलनेमशी जुळावे. लॉगिन टेबलातून अधिकार टेबलात फिल्टर आपोआप वाहतो, परंतु अधिकार टेबलातून विभाग टेबलाकडे जाताना तो अनेक ओळींच्या बाजूकडून एका ओळीच्या बाजूकडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट, जावा लागतो. नाते दुतर्फा केले असले, तरी सुरक्षेचा फिल्टर मुळात एकाच दिशेने वाहतो. तो उलट दिशेनेही जावा यासाठी नात्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षा फिल्टर दोन्ही दिशांनी लागू करण्याची वेगळी चौकट निवडावी लागते. ही चौकट राहून गेली, की फिल्टर अधिकार टेबलापर्यंत येऊन थांबतो आणि विक्रीच्या सगळ्या ओळी सगळ्यांना दिसतात. अहवाल भरलेला दिसत असल्यामुळे यात काही बिघडले आहे, असे कोणालाच वाटत नाही.

दुसऱ्या पद्धतीत अधिकार टेबल नात्यांपासून मोकळे ठेवतात आणि अट थेट विभाग टेबलावर लिहितात: या ओळीतील विभागाचा संकेत हा, चालू वापरकर्त्याच्या नावापुढे अधिकार टेबलात असलेल्या संकेतांच्या यादीत आहे का? मला ही पद्धत अधिक पसंत आहे, कारण अट वाचूनच तिचा अर्थ कळतो आणि तिचे काम एखाद्या नात्याच्या सेटिंगमधील खुणेवर अवलंबून राहत नाही. मात्र येथे लुकअपव्हॅल्यू वापरताना सावध राहावे. एकाच नावासाठी दोन वेगवेगळी मूल्ये सापडली, की हे फंक्शन त्रुटी देते, म्हणजे दोन विभाग सांभाळणाऱ्याचा अहवाल बंद पडतो. अशा ठिकाणी यादीत आहे का हे तपासणारी अट लिहावी. अधिकार टेबल नात्याने कशाला जोडलेले नसेल, तर त्याच्यावर स्वतंत्रपणे फॉल्स ही अट लावावी, म्हणजे कोणाला काय दिसते याची यादी कोणीही अहवालातून वाचू शकणार नाही. टेबल नुसते लपवणे पुरेसे नाही. लपवलेले टेबल फील्डच्या यादीत दिसत नाही, पण ज्याला मॉडेलवर स्वतःची क्वेरी चालवण्याची परवानगी आहे, त्याला ते वाचता येते.

वरिष्ठाला आपल्या हाताखालील सर्वांच्या ओळी दिसाव्यात, अशी मागणी असेल, तर कर्मचारी टेबलात पाथ फंक्शनने एक गणित-स्तंभ करावा, ज्यात सर्वोच्च पदापासून त्या कर्मचाऱ्यापर्यंतचे क्रमांक ओळीने येतात. आणि पाथकन्टेन्स वापरून त्यात चालू वापरकर्त्याचा क्रमांक आहे का, हे पाहावे. पाथ फंक्शनची एक अट अशी, की वरिष्ठाच्या स्तंभातील प्रत्येक क्रमांक कर्मचाऱ्याच्या स्तंभातही असला पाहिजे. त्यामुळे सोडून गेलेल्या वरिष्ठाची ओळ घाईने काढून टाकली, की स्तंभच त्रुटी देतो. बदलीची नोंद होईपर्यंत ती ओळ ठेवावी आणि तिचे लॉगिन मात्र लॉगिन टेबलातून काढावे.

अट कोणत्याही पद्धतीने लिहिली, तरी नाव सापडले नाही तर शून्य ओळी दिसाव्यात, हा नियम मोडू नये. नाव यादीत नसेल तर सर्व काही दाखवा, अशी सवलत चाचणीच्या काळात सोयीची वाटते, आणि प्रकाशनाच्या घाईत ती तशीच राहते. सर्व ओळी पाहण्याचा अधिकार ज्यांना खरोखर द्यायचा आहे, त्यांच्यासाठी फिल्टर नसलेला वेगळा रोल (माणसांना फिल्टरशी जोडणारा संच) करावा आणि तो एका लहान सुरक्षा-गटाला द्यावा. अटीच्या आत संचालकांची नावे लिहू नयेत. हे करताना लक्षात ठेवायचे ते एवढे, की एक माणूस दोन रोलमध्ये असेल, तर त्याला दोन्हींची बेरीज दिसते. अधिक कडक रोल जिंकत नाही. सर्वाधिकाराच्या रोलमध्ये चुकून मोठा गट जोडला गेला, की बाकीचे सगळे रोल त्या गटापुरते निरुपयोगी होतात. रोलमध्ये सुरक्षा-गट आणि वितरण-गट चालतात, मायक्रोसॉफ्ट ३६५ गट चालत नाहीत, हेही यादी करतानाच पाहावे.

आणि एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा: हा फिल्टर कोणत्या टेबलांपर्यंत पोहोचत नाही? लक्ष्यांचे टेबल, आधीच बेरीज करून ठेवलेले मासिक टेबल किंवा मॉडेलमध्ये सुटे राहिलेले एखादे एक्सेलचे पान, यांच्याशी विभाग टेबलाचे नाते नसेल, तर ती सर्वांना पूर्ण दिसतात. आपल्या विभागाची विक्री आणि संपूर्ण कंपनीची बेरीज शेजारी शेजारी दिसली, की उरलेल्यांचा आकडा वजाबाकीने निघतो. दोनच विभाग असतील, तर दुसऱ्याचा आकडा नेमका कळतो. कंपनीची बेरीज दाखवणे हा व्यवसायाचा निर्णय असू शकतो, पण तो कोणीतरी जाणूनबुजून घेतलेला असावा.

ओळख वाटेत कोठे गळते

पॉवर बीआय सर्व्हिसमध्ये ओळनिहाय सुरक्षा वर्कस्पेसमधील, म्हणजे अहवाल ठेवण्याच्या सामायिक जागेतील, फक्त व्ह्यूअर भूमिकेच्या लोकांना लागू होते. ॲडमिन, मेंबर आणि कॉन्ट्रिब्यूटर यांना सर्व ओळी दिसतात, कारण त्यांना मॉडेल बदलण्याचाच अधिकार असतो. एखाद्या विभागप्रमुखाला अहवालाचे पान दुरुस्त करता यावे म्हणून कॉन्ट्रिब्यूटर केले, की त्याच्यावरचा फिल्टर निघून गेला, असे समजावे. वाचकांना ॲपमधून किंवा व्ह्यूअर म्हणूनच प्रवेश द्यावा, आणि ज्यांना स्वतःचे अहवाल बनवायचे आहेत त्यांना मॉडेलवर बिल्ड परवानगी देऊन वेगळ्या वर्कस्पेसमध्ये काम करू द्यावे. बिल्ड परवानगीमुळे फिल्टर उठत नाही.

दुसरी गळती डेटा आणण्याच्या पद्धतीत असते. मूळ डेटाबेसमध्ये ओळनिहाय सुरक्षा आहे, म्हणून अहवालातही ती असेल, असा समज फार रूढ आहे. इम्पोर्ट पद्धतीत, म्हणजे डेटाची प्रत मॉडेलमध्ये घेताना, डेटा एका साठवलेल्या खात्याने आणला जातो. डेटाबेस त्या खात्याला जेवढे दाखवतो, तेवढे सगळे मॉडेलमध्ये येते, आणि पुढे वाचकाची ओळख डेटाबेसपर्यंत जातच नाही. डायरेक्टक्वेरीतही, म्हणजे दर वेळी मूळ डेटाबेसलाच विचारण्याच्या पद्धतीतही, सिंगल साइन-ऑन, म्हणजे वाचकाचेच लॉगिन पुढे नेण्याची सोय, सुरू केलेले नसेल, तर प्रत्येक क्वेरी त्याच साठवलेल्या खात्याने जाते. म्हणजे वाचकाची खरी ओळख मूळ ठिकाणी पोहोचवायची असेल, तर डायरेक्टक्वेरी आणि सिंगल साइन-ऑन ही दोन्ही लागतात. नाहीतर मॉडेलमध्ये स्वतंत्र रोल लिहावे लागतात. संस्थेतच बसवलेल्या ॲनालिसिस सर्व्हिसेसशी, म्हणजे मॉडेल ठेवणाऱ्या सर्व्हरशी, लाइव्ह कनेक्शन असेल, तर गेटवे, म्हणजे क्लाउड आणि संस्थेतील सर्व्हर यांना जोडणारे सॉफ्टवेअर, वाचकाचे प्रिन्सिपल नेम पुढे पाठवते आणि ते स्थानिक ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील खात्याशी जुळावे लागते. क्लाउडमधील आणि स्थानिक डोमेन वेगळे असतील, तर गेटवेवरील त्या डेटास्रोताच्या सेटिंगमध्ये नावांच्या बदलाचे नियम भरावेत. हे नियम कोणत्या क्रमाने लागू होतात ते पाहूनच नवा नियम जोडावा.

ईमेल सबस्क्रिप्शनचा मुद्दा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. साध्या सबस्क्रिप्शनमध्ये पाठवले जाणारे चित्र ते तयार करणाऱ्याच्या नजरेतून काढलेले असते. सर्व विभाग पाहणाऱ्या व्यवस्थापकाने आपल्या सहकाऱ्यांना अहवालाचे सबस्क्रिप्शन लावून दिले, तर त्यांच्या टपालात त्याचे आकडे जातात. याला तांत्रिक दोष म्हणता येत नाही, पण ज्यांना सर्वाधिकार आहेत त्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे.

स्वतःच्या संकेतस्थळात किंवा पोर्टलमध्ये अहवाल बसवताना ओळखीची संपूर्ण जबाबदारी आपल्या ॲप्लिकेशनकडे येते. वाचकाचे पॉवर बीआयमध्ये खाते नसते. ॲप्लिकेशन सर्व्हिस प्रिन्सिपलच्या, म्हणजे ॲप्लिकेशनसाठीच्या खात्याच्या, नावाने टोकन, म्हणजे तात्पुरता प्रवेश-परवाना, मागते आणि त्या मागणीत इफेक्टिव्ह आयडेंटिटी, म्हणजे लागू करायची ओळख, म्हणून वापरकर्त्याचे नाव, रोल आणि डेटासेट कळवते. हे नाव म्हणून कोणताही मजकूर देता येतो, आणि मॉडेलमधील फंक्शन्स तोच मजकूर परत देतात. तो खरा आहे का, हे पॉवर बीआय तपासत नाही. त्यामुळे हा मजकूर ब्राउझरकडून आलेल्या विनंतीतून, पत्त्यातील पॅरामीटरमधून किंवा लपवलेल्या फॉर्म-फील्डमधून कधीही घेऊ नये. सर्व्हरने आपल्या लॉगिन सेशनमधून वापरकर्ता ओळखावा, त्याचा अंतर्गत क्रमांक स्वतःच्या डेटाबेसमधून काढावा आणि तोच टोकनच्या मागणीत घालावा. येथे ईमेलऐवजी अंतर्गत क्रमांक वापरण्याची उत्तम संधी असते, कारण नावाचे रूप आपणच ठरवत असतो. रोलचे नावही सर्व्हरनेच ठरवावे. वाचकाने स्क्रीनवर लावायच्या फिल्टरलाच सुरक्षा समजण्याची चूक याच ठिकाणी होते. ब्राउझरमधून लावलेला फिल्टर ब्राउझरमधूनच काढता येतो.

सुरक्षा डेटाबेसमध्येच बसवायची असेल तर

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून सिक्युरिटी पॉलिसी उपलब्ध आहे. एका टेबल-मूल्य फंक्शनमध्ये अट लिहायची आणि ती पॉलिसीने टेबलाला जोडायची. अहवालाचे ॲप्लिकेशन एकाच सामायिक खात्याने जोडलेले असेल, तर डेटाबेसच्या दृष्टीने सगळे वाचक एकच असतात. अशा वेळी जोडणी उघडताच सेशन कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्या जोडणीपुरत्या नोंदीत, वापरकर्त्याचा क्रमांक ठेवावा, आणि ठेवताना तो केवळ वाचनीय असल्याचा पर्याय द्यावा, म्हणजे त्याच जोडणीवर पुढे आलेली कोणतीही क्वेरी तो बदलू शकणार नाही.

पोस्टग्रेसमध्ये ही सोय ९.५ आवृत्तीपासून आहे, आणि तेथे अहवालांसाठी दोन सापळे आहेत. पहिला असा, की टेबलाचा मालक, सुपरयूजर आणि बायपास-आरएलएस गुणधर्म असलेला रोल (पोस्टग्रेसमधील खाते) यांना धोरण, म्हणजे टेबलावरची सुरक्षेची अट, लागूच होत नाही. मालकालाही ते लागू व्हावे यासाठी टेबलावर फोर्सचा पर्याय वेगळा लावावा लागतो, आणि सुपरयूजर त्यातूनही सुटतो. अहवालासाठी म्हणूनच निराळे, कमी अधिकारांचे खाते असावे. दुसरा सापळा व्ह्यूचा, म्हणजे टेबलासारख्या वापरता येणाऱ्या साठवलेल्या क्वेरीचा, आहे. अहवाल बहुधा व्ह्यूवर उभे असतात, आणि व्ह्यूमधून टेबल वाचताना व्ह्यूच्या मालकाचे अधिकार तपासले जातात; तो मालक टेबलाचाही मालक असेल, तर धोरण निमूटपणे बाजूला पडते. १५ व्या आवृत्तीपासून व्ह्यूला सिक्युरिटी इन्व्होकर हा पर्याय देता येतो, ज्यामुळे क्वेरी करणाऱ्याचे अधिकार तपासले जातात. जुन्या आवृत्तीवर व्ह्यूचा मालक म्हणून धोरण लागू होणारा वेगळा रोल ठेवावा.

जोडण्यांचा पूल, म्हणजे अनेक वाचकांना आळीपाळीने दिल्या जाणाऱ्या उघड्या जोडण्या, वापरत असाल, तर वापरकर्त्याचा क्रमांक पोस्टग्रेसमध्ये व्यवहारापुरताच, म्हणजे ट्रान्झॅक्शन संपताच जाईल असा, ठेवावा. सेशनभर ठेवलेला क्रमांक तीच जोडणी पुढच्या वाचकाच्या हाती देते, आणि त्याला आधीच्या माणसाच्या ओळी दिसतात. स्थानिक मूल्य निघून गेल्यावर त्या सेशनमध्ये सेटिंग रिकामा मजकूर देते, नल, म्हणजे मूल्यच नाही असे उत्तर, देत नाही, त्यामुळे धोरणाची अट दोन्ही शक्यता धरून लिहावी. क्वेरींची उत्तरे साठवणारी कॅशे मध्ये असेल, तर तिच्या किल्लीत वापरकर्त्याची ओळख आहे की नाही, हेही त्याच वेळी तपासावे.

तपासणी

पॉवर बीआय डेस्कटॉपमधील व्ह्यू ॲज या सोयीत अन्य वापरकर्ता आणि रोल अशा दोन निरनिराळ्या चौकटी असतात. फक्त अन्य वापरकर्त्याचे नाव भरले आणि रोलची खूण केली नाही, तर फंक्शन नवे नाव देते पण फिल्टर चालत नाही. दोन्ही एकत्र निवडावे लागतात. सर्व्हिसमध्ये टेस्ट ॲज रोल अशी तशीच सोय आहे. या दोन्हींनी अट बरोबर लिहिली आहे का, एवढेच कळते. खरा माणूस खऱ्या रोलमध्ये आहे का आणि त्याची ओळख अपेक्षित रूपात येते का, हे खऱ्या लॉगिननेच कळते. त्यामुळे एक चाचणी-खाते कायमचे राखून ठेवावे, ज्याला फक्त व्ह्यूअरचा प्रवेश आहे आणि एकच विभाग दिलेला आहे.

तपासताना आपल्याला दिसायला हवे ते दिसते का, यापेक्षा दिसू नये ते दिसत नाही ना, यावर वेळ घालवावा. ज्याचे नाव अधिकार टेबलात नाही असा माणूस, दोन विभागांचा माणूस, कोणत्याच रोलमध्ये नसलेला माणूस, पाहुणा, आणि नुकतीच बदली झालेला माणूस: या प्रत्येकासाठी अपेक्षित ओळींची संख्या मूळ डेटाबेसमधून काढून ठेवावी आणि अहवालातील संख्येशी ताडून पाहावी. कोणत्याच रोलमध्ये नसलेल्याला रिकामा अहवाल दिसण्याऐवजी दृश्यांवर त्रुटी दिसते, त्यामुळे त्या दोन तक्रारी ऐकूनच वेगळ्या ओळखता येतात.

बदली झालेल्या माणसाचा प्रश्न तांत्रिकपेक्षा धोरणात्मक आहे. उत्तर विभागातून दक्षिण विभागात गेलेल्या व्यवस्थापकाला स्वतःच्या काळातील उत्तरेचे जुने आकडे दिसावेत का? काही व्यवसायांत ते दिसायला हवेत, काहींत मुळीच नकोत. हो असे उत्तर असेल, तर अधिकार टेबलात पासून आणि पर्यंत अशा दोन तारखा ठेवाव्या लागतात आणि अट विभाग टेबलावरून विक्रीच्या टेबलावर न्यावी लागते, कारण आता ओळीची तारीखही तपासायची असते. मोठ्या टेबलावर याने अहवाल मंदावतो. म्हणून हा निर्णय रचना करण्यापूर्वीच लेखी घ्यावा.

शेवटी, इम्पोर्ट पद्धतीत अधिकार टेबल शेवटच्या रिफ्रेशइतकेच ताजे असते, हे अधिकार काढून घेताना जाणवते. सकाळी नोकरी सोडलेल्याचे खाते डिरेक्टरीतून बंद झाले, की प्रवेशच थांबतो. पण ज्याची नुसती जबाबदारी बदलली आहे, त्याचे जुने अधिकार पुढच्या रिफ्रेशपर्यंत चालू राहतात. रिफ्रेश दिवसातून एकदाच होत असेल आणि एवढा उशीर मान्य नसेल, तर अधिकार टेबल बदलताच रिफ्रेश सुरू करण्याची व्यवस्था करावी, किंवा तेवढे एक टेबल डायरेक्टक्वेरीने जोडण्याचा पर्याय वेगाची किंमत मोजून तपासून पाहावा. अधिकार टेबलातील प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि कोणाच्या मंजुरीने केला, याची नोंद त्या टेबलाच्या मूळ जागी, म्हणजे मॉडेलच्या बाहेर, ठेवावी.